बुधवारची गोळी

रेणे, गावात म्हणायलेत की तू गोळीनं मेलीस.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. तू असतीस तर ऐकल्या ऐकल्या पायात चप्पल सरकवून पारावर गेली असतीस भांडायला, आणि मी तुझी ओढणी धरून मागं मागं. आता पारावर जायला तू नाहीस. आज बुधवार होता. मी शाळेत जाऊन आलेय. तिथं काय झालं ते शेवटी सांगते, तू तुझ्या सवयीनं मधेच विचारू नको.

तू डेंगीनं गेलीस. एका डासानं. मी तिथं होते. बीडच्या दवाखान्यात त्या काचेच्या दाराबाहेर मी तुझ्या वडलांसोबत, दादांसोबत बसले होते, आणि आत रोज पेशी मोजायलेत, रोज कमी यायलेत. मी शेवटच्या वर्षाची नर्सिंगची पोरगी, मला त्या आकड्यांचा अर्थ कळत होता आणि तुझ्या दादांना कळत नव्हता, एवढाच आमच्या दोघांत फरक. त्यांनी मला विचारलं, ‘‘पोरी, उद्या सोडतेत का?’’ मी म्हणाले, ‘‘बघू दादा.’’ त्या ‘बघू’चा मला अजून त्रास होतो.

आणि तू गेलीस तशी गावानं दोन दिवस डोळ्यांना पदर लावला, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, दर आठवड्याला ती लोहाची निळी गोळी गिळायची ना शाळेत पोरांसमोर? साचत गेली अंगात. झालं! डास राहिला बाजूला. साठवलेलं पाणी ओतून टाकायला कुणी उठलं नाही, गोळ्या बंद करायला मात्र अख्खं गाव उठलं. दुसऱ्यांना आरोग्य शिकवायली अन् सोता गेली, असं बोलून लोक चहा प्यायला मोकळे.

मला तुझाही राग येतो, रेणे. लई राग येतो. कारण हे असं होणार हे मी तुला सांगितलं होतं. तेलगावच्या स्टँडवर, चहाचा कप हातात धरून, सांगितलं होतं. आणि बरोबर ठरल्याचा मला काडीचाही आनंद नाही.

तुला तो श्रावण सोमवार आठवतो? आठवत असणारच. कॉलेजनं आपल्याला जोडीजोडीनं माध्यमिक शाळांत पाठवलं होतं, आठवड्यातून एक दिवस, आरोग्याचे तास घ्यायला. तू मॅडमच्या मागं लागून स्वतःचीच शाळा मागून घेतलीस, जिथं तू दहावी झालीस, आणि हजेरीत तुझ्या नावाखाली मी होते म्हणून पाटोद्याची मी तुझ्या गळ्यात पडले. मला तर तुझं गाव तेलगावच्या अलीकडं की पलीकडं तेही माहीत नव्हतं. पहिल्या तासाला मी संतुलित आहाराचा तक्ता लावला. सफरचंद, अंडी, द्राक्षं, दुधाचा ग्लास. नववीतली गौरी उभी राहिली, वेणी मागं टाकली आणि म्हणाली, ‘‘ताई, हे सगळं एकाच घरात भेटतंय का?’’ वर्ग खो खो हसला. तू सगळ्यात जास्त हसलीस, माझी जोडीदार असून. तेव्हाच मी ठरवलं होतं की तुझ्याशी पटवून घ्यायचं नाही.

मग तो सोमवार. लोहाच्या गोळ्या सोमवारी द्यायच्या असं वरून आलेलं. आपण दोघींनी ओळीनं वाटल्या, समोर गिळायला लावल्या, पुस्तकात लिहिलंय तसं. आणि अर्ध्या तासात पहिली पोरगी उलटीला पळाली. तिच्यामागं दुसरी. मग अख्खा बाक. परळीचा वैजनाथ इतक्या जवळ, श्रावणाचा सोमवार, निम्म्या पोरींना कडक उपास, सकाळपासून चहाच्या घोटावर आलेल्या. आठवीपर्यंतच्यांना शाळेत खिचडी तरी असते. नववी-दहावीला भूक लागत नाही असं कुठंतरी ठरलेलं आहे. आणि आपण दोघी, तू तर स्वतः त्या दिवशी सोमवार धरलेला, तरी आपल्या टाळक्यात आलं नाही की उपाशी पोटी लोहाची गोळी म्हणजे मळमळ. परीक्षेत विचारलं असतं तर दोघींनी पाचपैकी पाच मिळवले असते.

तासाभरात पालक फाटकात. गौरीचे वडील सगळ्यात पुढं. ‘‘आमच्या लेकरांवर कसले प्रयोग करायलात तुमी?’’ मुख्याध्यापक सर घाम पुसायलेत, मी मोठ्या आवाजात शोषण आणि आम्लपित्त समजावून सांगायले, कुणी ऐकेना. आणि तू काय केलंस? डब्यातून एक गोळी काढलीस, पाणी नाही काही नाही, तशीच कोरडी गिळलीस आणि जीभ बाहेर काढून दाखवलीस. ‘‘काका, घ्या. मेले तर मला जाळायला या.’’

फाटकातले मागं सरले. मेंढरंवाल्या दादाची रेणुका, लहानपणापासून बघितलेली. ते परत गेले.

अन् तासाभरानं तू बाथरूममागं जाऊन उलटी केलीस, तेव्हा तुझी पाठ कोण चोळत होतं?

स्टँडवर मी तुला चांगलं झापलं. म्हणाले, हे नाटक आहे. आपण समजावून सांगायला आलोय, जादूचे प्रयोग करायला नाही. आज तू गोळी खाऊन जिवंत राहिलीस म्हणून गोळी चांगली, तर उद्या तुला साधी सर्दी झाली तरी गोळी वाईट. लोकांना कारण कळलं पाहिजे, तुझं तोंड बघून त्यांनी गोळी खाता कामा नये. तू बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायलीस आणि म्हणालीस, ‘‘तुझं कारण कळेपर्यंत पोरी म्हाताऱ्या होतेल, अंजे. माझं तोंड बघून खातेत ना? खाऊ दे. तोपर्यंत अंगात रक्त तरी येईल.’’

ते भांडण तिथं सुरू झालं आणि दर आठवड्याला पुढं गेलं. कधी बसमध्ये, कधी तुझ्या स्कूटीवर, वाऱ्यात ओरडून ओरडून. शेवटचं भांडण तर तुला ताप भरला त्या दिवशी, फोनवर. तू म्हणालीस, ‘‘डोकं लई दुखायलंय, उद्या बोलू.’’ तो उद्या माझ्याकडं तसाच पडून आहे.

पण एक कबूल कर, त्या सोमवारनंतर आपण दोघींनी शाळा सुधारली. वार बदलायचं माझ्या डोक्यातून आलं. सर म्हणाले, ‘‘सोमवार वरून आलाय, मॅडम.’’ तू म्हणालीस, ‘‘सर, वरचे लोक उपास धरत नसतील.’’ सरांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘बुधवारी द्या. मला कुणी विचारलं तर मला माहीत नाही.’’ आणि शेंगदाण्यांचं तुझ्या डोक्यातून आलं. बुधवारी सकाळी तुझी आई लोखंडी तव्यावर दाणे भाजायची, तू पिशवी भरून आणायचीस, आधी मूठभर दाणे आणि मग गोळी. मी म्हणाले पुस्तकात लिंबू लिहिलंय, दाण्यांचं काही लिहिलेलं नाही. तू म्हणालीस, ‘‘मग लिंबं तू आण. माझ्या दाण्यांना नावं ठेवू नको.’’ आणि मी खरंच पाटोद्याच्या बाजारातून लिंबं आणायला लागले. वर्गात नुसता चकणा चालल्यासारखा वास. एकाही पोरीला परत मळमळलं नाही.

दर बुधवारी तू आधी स्वतः गोळी गिळायचीस, जीभ दाखवायचीस, पोरं टाळ्या वाजवायची. मी दर बुधवारी तोंड वाकडं करून खिडकीबाहेर बघायचे.

पापण्यांचा तास मात्र तुझा खरा तास. त्यासाठी मी तुला आजही सलाम करते. सगळ्या वर्गाला बाहेर कडुलिंबापाशी, उजेडात नेलंस. ‘‘एकमेकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढा. आत लाल हाय का फिकी?’’ पोरं आधी खिदळली, मग तीही रांगेत लागली. गौरीच्या जोडीदारणीनं तिची पापणी ओढली आणि म्हणाली, ‘‘ताई, हिचं आत काहीच न्हाई.’’ मी जाऊन बघितलं. पांढरीफटक. ही पोरगी रोज प्रार्थनेला चक्कर येऊन खाली बसायची आणि सगळे म्हणायचे नाटकी आहे. तू तिच्या वडिलांच्या घरी गेलीस, ओट्यावर बसलीस, त्यांनाच उजेडात नेऊन लेकीची पापणी दाखवलीस. तो माणूस, ज्यानं फाटकात आरडाओरडा केला होता, तो म्हणाला, ‘‘हिच्या आजीचीबी अशीच होती.’’ त्यानंतर एकही बुधवार गौरीची गोळी चुकली नाही. दसऱ्याच्या सुमारास ती खो-खोत पळायला लागली. आपण दोघी कडेला उभं राहून बघत होतो, आणि तू माझा दंड इतक्या जोरात दाबलास की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता.

त्याच दिवशी तू माझ्या पापणीला हात घातलास. मी तुझा हात झटकला. म्हणाले, मला काय झालंय? तू म्हणालीस, ‘‘व्हय की. नर्सिंगवाल्यांना रक्त लागत नसतंय.’’

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, शाळेत जाऊन काय शिकलात? मी पाठ केलेली उद्दिष्टं धडाधड म्हटली. तू म्हणालीस, ‘‘सर, आमी शिकलो की आधी विचारायचं, सकाळपासून काय खाल्लंय.’’ ते हसले. मीही हसले होते, तुझ्या ‘आमी’ला. आता वाटतं, तीन वर्षांत आपण तेवढं एकच नीट शिकलो आणि तेही उलट्या बघून.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. फोटोला हार. एका मागून एक उठले आणि बोलले, सेवेची ज्योत, अपरिमित हानी, देवाला चांगली माणसं आवडतात. डेंगी हा शब्द एकानंही उच्चारला नाही. आरोग्य शिकवणाऱ्यांच्या सभेत! मी उठून बाहेर आले, दार जरा जोरातच लागलं. फाट्यावर तुझं फ्लेक्स लागलंय, भावपूर्ण श्रद्धांजली, ओळखपत्राचा फोटो मोठा करून. त्यात तू इतकी गरीब दिसतीस की तुला बघून मला हसू आलं आणि हसता हसता मी तिथंच रस्त्यावर रडले. बसमधली खिडकीची जागा आता मला मिळते. नको वाटते मला ती खिडकी.

तेरावं झाल्यावर तुझ्या घरी गेले. दादा मेंढरांमागं गेले होते. मेंढरांना दुखवटा कळत नाही. मावशी, तुझी आई, चुलीपुढं बसल्या होत्या. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. मग म्हणाल्या, ‘‘खरं सांग पोरी. गोळ्यानं का?’’

गावाचं बोलणं मी ऐकून घेतलं होतं, रेणे. पण तुझ्या आईच्या तोंडून ते आलं, तेव्हा मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. कसला डास, तो दिवसा चावतो, स्वच्छ पाण्यात वाढतो, ताप कसा चढतो, पेशी कशा उतरतात, गोळीत काय असतं, ते पालकाच्या भाजीत असतं तेच असतं. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. काटकी आत सरकवली. मग विचारलं, ‘‘तू बी खायचीस का तिच्यासंग?’’

‘‘न्हाई, मावशी.’’

‘‘कावून?’’

मी म्हणाले, मला ते बरोबर वाटत नव्हतं. समजावून सांगावं, करून दाखवू नये, असं मला वाटायचं. मी खोटं बोलले नाही. मला अजूनही तसंच वाटतं. पण ज्या बाईची लेक गेलीय तिच्या चुलीपुढं बसून हे वाक्य म्हणून बघ. मावशींना पटलं की नाही मला कळलं नाही. निघताना ‘ये’ एवढंच म्हणाल्या.

काल सरांचा फोन आला. ‘‘मॅडम, उद्या गोळ्या राहू द्या. पालक तापलेत. तुमी दोन शब्द बोला तिच्याबद्दल, मौन पाळू, पोरांना सोडून देऊ. गौरीच्या वडलांनी तर सांगितलंय, गोळी दिली तर पोरीचं नाव शाळेतून काढतो.’’ मी विचारलं, गौरी कशी आहे? म्हणाले, ‘‘कालच प्रार्थनेला खाली बसली होती.’’ मी म्हणाले, सर, मौन पाळायला मी येणार नाही. रेणुकाला मौन कधी जमलं नाही, तिच्या नावानं आपण कशाला पाळायचं? कपाटाची किल्ली तयार ठेवा. ते काहीतरी बोलत होते, मी फोन ठेवला. तू माझी पाठ थोपटली असतीस.

तर आजचं सांगते.

वर्ग भरलेला. टेबलावर कुणीतरी तुझा फोटो ठेवलेला, उदबत्ती. मी उदबत्ती खिडकीत सरकवली, धुरानं पोरं खोकायली होती. सर दारात उभे. किल्ली दिली त्यांनी, ‘‘मी डब्याला हात लावणार न्हाई’’ म्हणाले, पण दिली. मी पोरांना म्हणाले, तुमच्या रेणुकाताई डेंगीनं गेल्या. ज्याला पटत नाही त्यानं आज विचारायचं, मागून कुजबुजायचं नाही. एका पोरानं विचारलं, मग आमच्या आळीत फवारणी का झाली न्हाई? मी म्हणाले, हाच प्रश्न, जसाच्या तसा, ग्रामपंचायतीत जाऊन विचार, मी तुझ्यासोबत येते. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं बघितलं नाही.

मग मी गोळी काढली आणि म्हणाले, मी ही खाणार आहे, पण मी खाते म्हणून तुम्ही खायची नाही. मला ते मान्य नाही. गौरी, इकडं ये. माझी पापणी बघ.

ती घाबरतच आली. मी चष्मा काढला. तिनं अंगठ्यानं माझी पापणी ओढली, तू शिकवलीस तशी, उजेडाकडं मान वळवून. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, ‘‘ताई, फिकीय.’’

‘‘किती?’’

‘‘माझ्याएवढी न्हाई. पण फिकीय.’’

‘‘मग मी काय करायचं?’’

‘‘गोळी खायची,’’ ती म्हणाली. वर्गातून कुणीतरी म्हणालं, ‘‘उपाशी पोटी न्हाई, ताई.’’ आणि गौरीनं माझ्या पिशवीकडं बघितलं, टेबलाखाली बघितलं, ‘‘दाणे कुठंयत?’’

रेणे, लिंबं होती माझ्याकडं. पिशवी भरून लिंबं. दाणे माझं कामच नव्हतं कधी. इतके दिवस सगळ्या गावाला तोंड देत आलेली मी, त्या एका प्रश्नापुढं लिंबांची पिशवी धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, पोरांसमोर, आणि मी ते पुसलंही नाही.

तेव्हा दारातून सर बाजूला झाले. मावशी आत आल्या. डोक्यावर पदर, पायांना रस्त्याची धूळ, हातात तुझी ती निळी पिशवी. धाप लागली होती. त्यांच्यामागं, बाहेर व्हरांड्यात, गौरीचे वडील खाली मान घालून उभे होते.

‘‘समद्या आळीला सांगत आले,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दारादारात थांबून. माझी लेक डासानं नेली. गोळीचं नाव घेतलं तर मला येऊन बोला म्हणलं.’’ मग पिशवी टेबलावर, तुझ्या फोटोशेजारी ठेवली आणि मला विचारलं, ‘‘आज बुधवार हाय ना?’’

मी मान हलवली. पिशवी गरम होती. दाणे थोडे करपलेले होते, त्यांचं लक्ष नसणार भाजताना. पहिली मूठ गौरीनं घेतली, मग बाक सोडून सगळे पुढं आले, खाल्ले, आणि खाऊन झाल्यावर गोळीसाठी हात पुढं केले.